गाळलेलं सातवं प्रकरण

"सातवं प्रकरण कुठंय?"

लीलाबाईंनी नवं कोरं पुस्तक दोनदा चाळलं. सहाव्यानंतर जयवंतराव सरांचं आठवं प्रकरण आलं होतं, आणि त्यालाच सातवा आकडा दिला होता. प्रकाशन समारंभाला अर्धा तास उरला होता.

"मावशी, जवा द्या ना, सोडा," पुस्तक काढणाऱ्या संस्थेचा कार्यवाह केयूर म्हणाला. "वातावरण बघताय तुम्ही. कोण माथाकूट करणार?"

"जयवंतरावांना विचारलंत?"

"ते आहेत कुठं आता?"

जयवंतराव तीन वर्षांपूर्वी गेले. ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक. निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी एका गावात कसं नांदावं आणि हात न उगारता अन्यायाला नाही कसं म्हणावं, यावर त्यांनी जन्मभर इंग्रजीत लिहिलं. लीलाबाई त्यांच्या विभागात चौतीस वर्षं टंकलेखिका होत्या. निवृत्तीनंतरही त्या शहराबाहेरच्या छाणीहून दोन रिक्षा बदलून सरांच्या घरी जात. सरांना शेवटचं पुस्तक घरच्या भाषेत, मराठीत लिहायचं होतं, आणि त्यांचं अक्षर लीलाबाईंनाच काय ते लागायचं. शहरातल्या पाणीगेट भागातल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांवरचं सातवं प्रकरण सरांनी पाचदा बदललं. जुना खर्डा फाडायचा आणि पुन्हा लिहायचं. पाचही वेळा ते लीलाबाईंनी टाइप केलं. शेवटचा खर्डाही फाडल्यावर उरली ती एकच टाइप केलेली प्रत, आणि ती त्यांनी संस्थेला दिली.

"त्यात वाईट काय होतं, केयूर?"

"वाईट कोण म्हणतंय? पण देणगीदार पुढच्या रांगेत बसलेत. आणि तुमचा सत्कार पण आहे ना! शांतीनं घ्या."

"मी दिलेली टाइप केलेली प्रत परत दे मला."

"ऑफिस हलवलं त्यात कुठं गेली, काय माहीत."

"गेली?" लीलाबाईंनी पुस्तक मिटलं. "माणूस गेल्यावर त्याचं तोंड दाबता, आणि वर त्याच्या नावानं हार आणता?"

केयूर घड्याळ बघत निघून गेला.

समारंभात त्यांचं नाव पुकारलं गेलं. अध्यक्षांनी शाल उलगडली. लीलाबाईंनी ती हातानंच बाजूला सारली आणि जन्मात पहिल्यांदा माइकपुढे उभ्या राहिल्या.

"या पुस्तकातलं एक प्रकरण गाळलंय. कुणाला न सांगता. मला येतं तेवढं सांगते. 'शेजाऱ्याला आम्ही सहन करतो, असं जो अभिमानानं सांगतो, त्यानं गावाची मालकी आधीच स्वतःकडे घेतलेली असते...'"

माइक बंद पडला. त्यांना खाली बसवायला कुणीतरी गुजरातीत ओरडलं, "बेसी जाओ ने, बेन!" पुढची रांग चहाला उठली. लीलाबाई थांबल्या नाहीत. आवाज पुरेना, तरी त्यांनी परिच्छेद संपवला. मागे बसलेले पाच-सहाजण ऐकत होते. त्या खाली उतरल्या, तेव्हा त्यांना वाट द्यायला मात्र सगळेच सरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फुलस्केप कागद आणून प्रकरण आठवून लिहायला घेतलं. टाइप करताना बोटांतून गेलेलं एकेक वाक्य परत येत होतं. चौथ्या दिवशी, अकराव्या पानावर, त्या अडल्या. 'शेजाऱ्याचा हक्क' होतं की 'शेजाऱ्याचा मान'? सरांनी शेवटच्या खर्ड्यात एक शब्द खोडून दुसरा घातला होता, एवढंच आठवत होतं. दोन्ही शब्द बसत होते. दुपारभर त्या पेन धरून बसल्या.

सरांच्या मजकुरात त्यांनी पदरचा शब्द कधी घातला नव्हता. त्यांनी तेवढी जागा कोरी सोडली आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.