डाव्या पायाचा मोजा

मी एक जुना मोजा आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करतो, माझ्यासारखा जळकुटा मोजा तुम्हाला शोधून सापडणार नाही. माझ्या अंगावर एकही भोक नाही. टाच शाबूत, काठ घट्ट. तरीही मी एका फाटक्या मोज्यावर जळत आलो आहे, आणि तो फाटका मोजा माझा सख्खा जुळा भाऊ आहे.

आम्ही दोघे एकाच यंत्रावर, एकाच करड्या धाग्यातून विणले गेलो. पोटाला पोट लावून आम्हाला कागदी पट्टीत बांधले होते. एका बस ड्रायव्हरने आम्हाला विकत घेतले. माणूस भलताच शिस्तीचा. डाव्या पायाचा मोजा कोणता ते रोज चटकन कळावे, म्हणून त्याने बायकोला माझ्या काठावर लाल टाका घालायला लावला.

"अहो, डावा-उजवा बूट असतो. मोजा कुठे असतो?" ती म्हणाली.

"तुला नाही, पायाला कळतं ते," ड्रायव्हर म्हणाला.

झाले! मी कायमचा क्लचवर आणि भाऊ ब्रेकवर. डावा पाय कामापुरता क्लच दाबायचा आणि निवांत बसायचा. उजव्या पायाची टाच मात्र दिवसभर एकाच जागी घासत राहायची. आम्हाला आलटून पालटून घातले असते, तर दोघेही सारखेच झिजलो असतो. पण शिस्तीपुढे कोणाचे चालणार? वर्षभरात भावाची टाच गेली. ड्रायव्हरच्या बायकोने गेलेला बल्ब आत घालून ती रफू केली. इतकी सुबक, की शेजारणी बघायला आल्या. रफू त्याला झाले आणि पोटात माझ्या दुखले. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. न फाटणाऱ्याचे कौतुक कोण करतो?

पुढे टाच दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली, आणि बायकोने हात टेकले. मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. पण एका मोज्यावर कोण कामाला जातो? भावाबरोबर माझीही नोकरी गेली. आम्ही दोघे कपाटाच्या खालच्या खणात पडलो.

त्या वर्षी शाळेच्या सुट्टीत ड्रायव्हरच्या मुलीची मावशी राहायला आली. मुलगी आठ वर्षांची. एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. मावशीने टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि घरातली अडगळ गोळा केली. रिकाम्या काडेपेट्या एकमेकींना चिकटवून बटणे ठेवायचे कपाट झाले. अंड्यांच्या ट्रेचा सुरवंट झाला. मग ती म्हणाली, "एखादा मोजा आण गं, बाहुला करू."

भिंगरीने आम्हा दोघांनाही आणले आणि, मित्रांनो, तिने आधी मलाच पुढे केले!

"मावशी, हा घेऊया? हा छान आहे."

"छान आहे ना? मग ठेव तो. चांगल्या मोज्यावर कोणी कात्री चालवतं का? फाटका दे इकडे."

चांगला, म्हणून मी नापास. असा न्याय तुम्ही कुठे ऐकला आहे का? माझ्या डोळ्यांदेखत भावाचा पंजा कापून त्यात लाल पुठ्ठ्याचे तोंड बसवले गेले. एका डोळ्याला ड्रायव्हरच्या गणवेशाचे पितळी बटण, दुसऱ्याला कोटाचे मोठे पांढरे बटण. आणि टाचेचे ते भोक? त्यावर काळी लोकर शिवून झुबकेदार केस केले. भिंगरीने हात आत घातला, तोंड उघडले आणि बसच्या हॉर्नसारखे 'भोंऽऽ' केले. नाव पडले भोपूराव.

मी परत खणात. भोपूराव खिडकीत बसायचे, मी अंधारात. भोपूराव खुर्च्या मांडून केलेल्या बसमध्ये तिकिटे फाडायचे, प्रवाशांना दटावायचे. भिंगरीच्या मैत्रिणी खो खो हसायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, भोक पडायला काय अक्कल लागते? ठरवले असते तर मीही पाडून घेतले असते.

एके दिवशी भिंगरीच्या आईने खण आवरायला काढला. "एकटा मोजा ठेवून काय लोणचं घालायचंय?" असे म्हणून तिने मला दारामागच्या चिंध्यांच्या पिशवीत टाकले. रविवारी सकाळी खिडक्या पुसायच्या होत्या. एकदा खिडक्यांची काजळी अंगाला लागली की मोज्याचे मोजेपण संपते. माझ्या हातात फक्त शनिवार उरला होता.

त्याच रविवारी संध्याकाळी जिन्यात भोपूरावांचा खेळ होता. सगळ्या बिऱ्हाडांना आमंत्रण गेले होते. शनिवारी तालीम झाली आणि घोटाळा उघडा पडला. मोजा मोठ्या माणसाचा, हात लहान मुलीचा. भोपूरावांची मान सारखी लटकायची. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाहुल्याला झोप आलीय का?"

मला आनंद झाला. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा फार आनंद झाला. भिंगरीने आत कापूस भरला, त्याचे गोळे झाले. कागद भरला, तर बाहुला बोलण्याआधी कागदच बोलू लागला. मावशी तर कधीच आपल्या घरी गेली होती. शेवटी भिंगरी पायरीवर बसून रडू लागली. माझा आनंद तिथेच आटला, कारण तिने आधी मलाच निवडले होते, हे मी विसरलो नव्हतो.

इतक्यात ड्रायव्हर कामावरून आला. त्याने बाहुला उलटसुलट पाहिला.

"बूट सैल झाला की आम्ही काय करतो? दोन मोजे घालतो," तो म्हणाला आणि थेट चिंध्यांच्या पिशवीत हात घातला. लाल टाका दिसताच त्याचा चेहरा उजळला. "हा बघ, माझा डावा!"

त्याने मला भिंगरीच्या हातावर चढवले आणि माझ्यावर भोपूरावांना. मान ताठ उभी राहिली.

"पण बाबा, हा माझा उजवा हात आहे."

ड्रायव्हर जरा घुटमळला. "असू दे. चालतं," तो म्हणाला.

"आत्ता कळलं का?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

खेळ झोकात झाला. टाळ्या अर्थातच भोपूरावांना मिळाल्या. आत कोणी आहे हे लोकांना ठाऊकच नव्हते, आणि खोटे कशाला बोलू, ते मला आजही झोंबते. त्यांच्या केसांमधल्या फटीतून मला प्रेक्षकांची एक रांग तेवढी दिसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जोडीतला उरलेला असेल. फाटक्याला रफू करता, डोळे लावता, फार चांगले करता. पण नुसता 'चांगला आहे' म्हणून कोणाला खणात ठेवून विसरू नका. धडधाकट मोज्यालाही हात हवा असतो.

परवा दोरीवर वाळताना भाऊ पहिल्यांदाच तक्रारीच्या सुरात बोलला. म्हणाला, "पूर्वी भिंगरीची बोटं मला लागायची. आता मध्ये तू असतोस."

 इतके बरे मला मी नवा असतानाही वाटले नव्हते.