थ्रीडीतली चिमाबाई

मी एक जुनी आकृती आहे. आकृती म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कोण बाई मध्येच बोलायला लागली! मित्रांनो, घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल याचं चित्र संगणकावर काढतात. आर्किटेक्टच्या ऑफिसात त्याला थ्रीडी म्हणतात. त्या चित्रात एखादं माणूस उभं केलं, की दार केवढं, जिना केवढा, याचा अंदाज येतो. असं उभं करायला ठेवलेलं माणूस म्हणजे मी. सोलापुरात सात रस्त्याला सोमशेखर सरांचं ऑफिस आहे. तिथल्या संगणकात माझं बिऱ्हाड आहे.

माझा जन्म एका तक्रारीतून झाला. पूर्वी ऑफिसच्या चित्रांत तयार मिळणारी परदेशी माणसं उभी करायचे. कोटातला गोरा साहेब, त्याचं साखळीचं कुत्रं, केस मोकळे सोडलेली मडम. एकदा शुक्रवार पेठेतले चनमल्लप्पा आपल्या नव्या घराचं चित्र बघायला आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "साहेब, घर माझंच हाय न्हवं? मग ही मडम माझ्या तुळशीपाशी काय करतीय?" सर पोट धरून हसले, पण चित्रं करणारी उत्कर्षा हिरमुसली. करकंबहून आलेली ही मुलगी मोठ्या हौसेनं काम करायची. दुसऱ्या दिवशी चिमाबाई ऑफिस झाडायला आल्या, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "मावशी, जरा त्या भिंतीपाशी उभ्या राहा की."

"माजा फोटू? कशापायी गं बाई? हितं काय लगीन हाय?" असं म्हणत चिमाबाईंनी केरसुणी बाजूला ठेवली. केरसुणी सुटल्यावर हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना. डावा हात पदराशी गेला, उजवा नुसताच लोंबत राहिला. तिकडे बांधकामावर त्या पाण्याची मोटर चालू ठेवून आल्या होत्या, म्हणून डोळे दाराकडे. तेवढ्यात उत्कर्षानं फोटो घेतला, मागची भिंत कापून टाकली आणि मी उरले. म्हणून मी आजही दाराकडेच बघते.

चिमाबाईंचे यजमान सिद्धाप्पा हे सरांच्या बांधकामांवर वॉचमन होते. मूळची माणसं मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणारी. बांधकामाच्या कडेला पत्र्याची खोली करायची, भिंतींना पाणी मारायचं, घर उभं राहीपर्यंत राखायचं. वास्तुशांतीचं जेवण झालं, की पत्रे उचलून पुढच्या बांधकामावर जायचं. अशी चिमाबाईंनी आयुष्यभर अर्धीमुर्धी घरं पाहिली. पुरं झालेलं घर त्यांच्या वाट्याला आलं नाही. माझ्या वाट्याला मात्र पुरी झालेलीच घरं. संगमरवरी फरशी, काचेचा जिना, गच्चीवर झोपाळा. तेव्हा मला त्याचा तोराही होता, खोटं कशाला सांगू?

मग एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चिमाबाई गेल्या. मी मात्र गेले नाही. उत्कर्षाला मला चित्रात घ्यायचा धीर होईना आणि पुसून टाकायचाही होईना. एक दिवस सिद्धाप्पा खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत दारात उभे राहिले.

"ताई, ती तुमच्या कम्पुटरात हाय म्हनं. दावा की."

उत्कर्षानं एक चित्र उघडलं. "मामा, सध्या होटगी रोडच्या बंगल्यात आहेत."

सिद्धाप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. मग गालातल्या गालात हसले. "लई मोट्या घरात ऱ्हायली की!"

तेव्हापासून ते बाजाराला आले की ऑफिसात डोकावायचे. "आज कुटं हाय?" एवढंच विचारायचे. त्यांच्यासाठी उत्कर्षा मला प्रत्येक घरात उभी करू लागली. माझी सावलीसुद्धा ती ऊन बघून पाडायची. पण घर बांधणारे लोक चपापू लागले. ही बाई प्रत्येक चित्रात कशी, आणि ती कुणाची वाट बघते, असं विचारू लागले. एकानं तर मला काढायलाच लावलं, त्याच्या आईला मी बघवेना. मित्रांनो, गोष्टीतल्या भुताला निदान स्वतःचं एक घर तरी असतं. मला घरं खूप, पण त्यातलं एकही खरं नाही.

त्यातच आमचा संगणक म्हातारा झाला. एक चित्र पुरं व्हायला तो दिवसभर घरघरायचा, आणि लोकांना तर सगळं उद्याच हवं! पुण्यातली एक कंपनी अशी चित्रं झटपट करून देते, हे सरांच्या कानावर आलं.

"उत्कर्षा, बाहेर दिलं तर उद्या सकाळी चित्र हातात पडेल," सर म्हणाले.

"आणि मी काय करू, सर?"

"तू... बघू." हे बोलताना सर तिच्याकडे बघत नव्हते.

मला भीती वाटली. उत्कर्षाची खुर्ची रिकामी झाली, तर सिद्धाप्पांनी 'आज कुटं हाय' हे कुणाला विचारायचं? चिमाबाईंना बघायला दुसरी जागाच त्यांना नव्हती. घरी एखादा फोटो लावावा, तर पत्र्याच्या खोलीला खिळा धरणारी भिंत कुठली!

सरांनी एका बंगल्याचं चित्र करून बघायला पुण्याला पाठवलं. सोबत मीही गेले. चित्र सांगितल्या वेळेला परत आलं. काय सांगू त्याची चकाकी! हौदाच्या पाण्यात ढग दिसत होते. सर खूश झाले. त्याच दिवशी सिद्धाप्पा आले, आणि या वेळी सरांनी स्वतःच कौतुकानं पडदा त्यांच्याकडे वळवला.

सिद्धाप्पांचं हसू जागच्या जागी विरलं. ते एक पाऊल मागं सरले.

"ही ती न्हाय."

"अहो, तोच फोटो आहे की, सिद्धाप्पा."

"साहेब, पदर बगा. उजव्या खांद्यावर हाय. सावली बी न्हाय. उलटी केलीया तिला." त्यांनी पडद्यावरची नजर काढून घेतली. "मयताला उलटं फेरं घालत्यात. ते मी घातलं आनि घरी आलो. तुमी तिला तिकडनं, मसनातनंच आनलीया."

झालं होतं असं, की त्या चित्रात दार दुसऱ्या बाजूला होतं. माझी नजर दाराकडे वळावी म्हणून तिकडच्या कुणीतरी मला आरशातल्यासारखी फिरवून टाकली होती. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या लेखी मी झाडासारखीच, कशीही लावा. पण स्वतःला तशी बघून माझ्याही अंगावर काटा आला.

सर ओशाळले. "एका क्लिकचं काम आहे. सरळ करून मागवतो."

"मागवा, सर," उत्कर्षा हळूच म्हणाली. "पण पुढच्या वेळी काय उलटं झालंय, हे सांगायला इथं कोण असेल?"

सर खिडकीपाशी जाऊन सात रस्त्याची गर्दी बघत राहिले. मग वळून म्हणाले, "दुकानांचे गाळे, मोठ्या इमारती बाहेर देऊ. माणसांची राहती घरं इथंच होतील, तुझ्या हातून. नवा संगणकही घेऊ." उत्कर्षानं मान हलवली, पण तिचं लक्ष सिद्धाप्पांकडे होतं. तिनं घाईघाईनं जुनं चित्र उघडलं. त्यात मी सुलटी होते, पदर डाव्या खांद्यावर, पायाशी सावली.

सिद्धाप्पांचा जीव थाऱ्यावर आला.

"ताई, एक मागू? लई दीस उबीच हाय ती. कुटंतरी बसवा की आता."

"त्यात काय!" सर लगेच म्हणाले. "पुण्याचे लोक बसवून देतील. आता मशीन तसं चित्र आपोआप करतं."

"ती कशी बसायची, ते त्यास्नी काय ठावं, साहेब?"

उत्कर्षानं संगणक धुंडाळला, मोबाइल धुंडाळला. बांधकामांचे, वास्तुशांतींचे सगळे फोटो पाहिले. कुठं कडेला चिमाबाई दिसायच्या, पण हातात पाण्याची नळी नाहीतर ताटांचा ढीग. शेवटी ती खालमानेनं म्हणाली, "मामा, बसलेला एकही नाही हो."

सिद्धाप्पांनी टॉवेल तोंडावरून फिरवला. "तुमी काय करनार, ताई. आमी तरी तिला कवा म्हनलं, बस म्हनून?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायची रीत आहे. मी तसं सांगणार नाही. मला जपून कुणाचं काय भलं होणार? तुमच्याही घरात कुणीतरी सकाळपासून उभं असेल. आत जा आणि तिला बसायला सांगा. एवढं उरकलं की बसते, असं ती म्हणेल. ऐकू नका, हात धरून बसवा. माझे गुडघे आता कुणालाच दुमडता येणार नाहीत.