मुका इंगळ्या

इंगळ्याची वाचा गेली ती श्रावणाच्या तोंडावर, आणि ती घालवली समतानं.

तीच त्याची जन्मदाती. बुलडाण्यातल्या भाड्याच्या खोलीत, खिडकीशी मांडलेल्या टेबलावर तिनं त्याला रेखाटला होता. अंगात फाटकी बंडी, तोंडावर काळा रुमाल, खांद्यावर घोंगडी, आणि जीभ अशी की इंगळीची नांगी परवडली. तो काही सज्जन नव्हता. रेतीचोराच्या घरी चोरी करायचा, पण चोरलेल्यातलं निम्मं स्वतःच्या घोंगडीत बांधायचा. गरिबाचं काम करायचा आणि जाता जाता त्या गरिबालाही चार टोमणे मारायचा. खोटं तर तो श्वास घ्यावा तसं बोले. त्याच्या चित्रकथेचा अंक पुण्याहून निघे, आणि सोनाळ्यापासून लोणारपर्यंत पोरं त्याची कवनं म्हणत हिंडत:

रेती खाल्ली, नदी खाल्ली, खाल्ला गावचा रस्ता,
ढेकर दे ना ठेकेदारा, काऊन बसला नुस्ता?

पुण्याच्या वाचकांना ही बोली गावरान वाटे, आणि तिच्यासाठीच ते अंक विकत घेत.

नव्या अंकात इंगळ्या सकाळी उठतो, तोंड उघडतो, आणि आवाज नाही. का नाही, ते कुठंच सांगितलेलं नव्हतं. बाकीची माणसं बोलत होती. इंगळ्याच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा होता, पण पांढरा, रिकामा. जिथं तो आधी जिभेनं आग लावायचा तिथं आता नुसता उभा राहायचा. आणि शेवटी शेवटी तर बसायचा. अखेरच्या पानावर रस्त्याच्या कामावरची एक बाई त्याला आपली सारी कहाणी सांगते आणि इंगळ्या गुडघ्यांना मिठी घालून तिच्यासमोर बसलेला. वर रिकामा फुगा, दिवसा दिसणाऱ्या चंद्रासारखा.

वाचकांनी बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. ‘जीभ कापली, आता घोंगडी तरी राहू द्या,’ असं एकानं लिहिलं. ‘आमच्या लहानपणाचा गळा दाबला,’ दुसऱ्यानं. लोणारच्या एका पोरानं इंगळ्याची तिरडी काढून पाठवली. चित्र चांगलं होतं, हे समताला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. सोनाळ्याच्या एका मास्तरांनी फोन करून विचारलं, “मॅडम, तब्येत बरी आहे ना तुमची?” त्या आवाजात खरीच काळजी होती, म्हणून ते जास्त लागलं.

मग प्रकाशक शंतनुचा फोन आला. तो पुण्याचा, गोड बोलणारा माणूस.

“समता, मला स्वतःला अंक आवडलाय. पण लोक फार चिडलेत गं. पुढच्या अंकात त्याला बोलता कर. स्वप्न होतं म्हण, शाप होता म्हण, काहीही. उद्यापर्यंत कळव, म्हणजे मला जाहिरात करता येईल.”

“कळवते,” ती म्हणाली. तिनं मनात हार मानलीच होती. एक गोष्ट तेवढी राहिली होती, आणि ती शंतनुला सांगण्यासारखी नव्हती.

इंगळ्याचा आवाज मुळात तिचा नव्हताच. तो धामणगाव बढ्याच्या गुलाबमामाचा होता.

गुलाबराव तिच्या आईचे चुलतभाऊ. तरुणपणी गायन पार्टी घेऊन गावोगाव हिंडलेले. त्यांचा गळा असा की विहाराच्या ओट्यावर गाऊ लागले तर बसस्टँडवरचा माणूस चहा खाली ठेवायचा. वर्षावासात तीन महिने विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं, ते मामाच करायचे. पोरं चुळबुळायची, म्हणून त्यांनी लालूच दाखवली होती: ग्रंथ नीट ऐकला तर मागून इंगळ्या. मग तोच माणूस चष्मा कपाळावर सरकवून, एक ओठ वाकडा करून, इंगळ्याच्या आवाजात असा काही वाचायचा की पोरांच्या मागं त्यांच्या आयाही थांबू लागल्या. गावानं इंगळ्या कधी पाहिला नव्हता, ऐकला होता. समतासुद्धा कवन लिहिताना आधी मामाच्या तोंडून ते कानात ऐके, मग कागदावर उतरवी.

उन्हाळ्यात अकोल्याला मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून मामा मागच्या खोलीत गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडून असत. समता भेटायला गेली तेव्हा त्यांनी कूस बदलली नाही. परतून ती टेबलाशी बसली, इंगळ्याचं तोंड काढलं, वर फुगा काढला, आणि फुग्यात टाकायला तिच्या कानात काही आलंच नाही.

अंक निघाला तो असा. गावाच्या प्रती मामाचा मुलगा रवी घेऊन गेला होता. मामा काय म्हणतील, याचाच तिला घोर होता. पुण्याचे रागावले तर रागावू देत. पण मामांना वाटलं, पोरीनं माझ्या दुखण्याचा तमाशा केला, तर?

शंतनुच्या पाठोपाठ रवीचा फोन आला.

“ताई, तू आजच्या आज ये. अंकात छपाईची चूक झाली अन् बाबा लय तापले हायेत. काठी आपटून राह्यले.”

“चूक? रवी, ती चूक...”

“ये तू. मले दुकानात गिऱ्हाईक हाय.” त्यानं फोन ठेवला.

एसटी राजूर घाट उतरत होती. दोन्ही अंगांना सागाला तुरे आले होते. समताला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. मोताळा मागं पडलं तेव्हा तिचं ठरून गेलं. मामांचे पाय धरायचे, आणि शंतनुला सांगायचं, इंगळ्याला बोलता करते.

धामणगावात उतरली तेव्हा दिवेलागण होत होती. मामांच्या घराला कुलूप. तेवढ्यात विहाराकडून हशा ऐकू आला, आणि मागोमाग काठीचा ठोका.

ग्रंथवाचन आटोपलं होतं. ओट्यावर पांढऱ्या साड्यांतल्या बाया, पुढं पोरं, आणि मधोमध खुर्चीवर गुलाबराव. गळ्याला दुपट्टा, हातात काठी, डोळे विस्तवासारखे. पायाशी रवी मांडीवर अंक आणि हातात पेन्सिल घेऊन बसला होता. पिठाची गिरणी चालवणारा संघपाल उभा राहून दात काढत होता.

समता अंधुक उजेडात ओट्यापुढच्या कडुलिंबाखाली थांबली.

“आता ह्या चित्रात,” रवी म्हणाला, “ठेकेदार इचारते, ‘तू कोन बे?’ अन् इंगळ्याचा फुगा कोरा. संघपालभाऊ, तुमी काय लिव्हलं होतं?”

“‘मी इंगळ्या आहे.’”

काठी दाणकन आपटली. मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

“त्यात काय चुकलं बाबा?” संघपाल म्हणाला. “इंगळ्याच तर हाय तो.”

“तुह्या गिरनीत कोंडा अन् तुह्या बोलन्यातही कोंडा,” कोपऱ्यातून सोजराबाई म्हणाल्या. गावात सगळ्यात म्हाताऱ्या त्याच. “इंगळ्या कंधी असा बोलते का शायेतल्या पोरावानी? गुलाबराव, तुमी दाखवा.”

मामा उठले. एक ओठ वाकडा केला. समोर ठेकेदार उभा आहे असं त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. मग दोन्ही हातांनी त्याच्या पोटाचं माप घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात पुरेनात म्हणून एक पाऊल सरकले, आणि भुवई वर केली.

“त्याले नाव नाही सांगत तो,” एक पोरगी म्हणाली. “काहीतरी मोजून राह्यला.”

सोजराबाई पुढं झुकल्या. “‘तुह्या पोटात रस्ता किती किलोमीटर गेला, ते मोजाले आलो.’”

ओटा हसून हलला. मामांची काठी दोनदा हलकेच वाजली, म्हणजे मंजूर. रवीनं जीभ दाताखाली धरून फुग्यात लिहून घेतलं.

तेव्हा कुठं समताला उलगडा झाला. विहाराच्या वाचनालयाची जुनी रीत होती. एखाद्या पुस्तकाचं पान फाटलं, कसरीनं खाल्लं, तर ज्याला ते पाठ असेल त्यानं हातानं लिहून भरून काढायचं. पुस्तक अपुरं ठेवायचं नाही. छापखान्यात शाई संपली असणार असं समजून गावानं रिकामे फुगे भरायला घेतले होते. आणि भरलेलं ऐकवत नाही म्हणून मामा भिंतीकडची कूस सोडून, काठी टेकत, थेट विहारात आले होते.

“अगं बाई, समता,” सोजराबाईंनी तिला पाहिलं. “ये, जयभीम. तिकडं काऊन उभी? हे पाह्य, तुह्या छापखान्यावाल्याले चांगलं खडसाव. अख्खा अंक उघडा छापला.”

समता ओट्याशी आली. मामांकडे बघायचा धीर होईना.

“छापखान्याची चूक नाही आजी. ते फुगे म्याच रिकामे ठेवले.”

संघपालनं विचारलं, “काऊन ताई?”

आता सांगावंच लागणार होतं. जुळवलेली वाक्यं घाटातच राहिली होती.

“मामा,” ती म्हणाली, “मी आतापर्यंत तुमालेच ऐकून लिव्हत होती. आवंदा कान लावला, तर तुमी गप. मंग त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज कसा घालू? मले जमलं नाही. तुमाले दुखलं असन तर सांगा, पुढल्या अंकात त्याले बोलता करते. पुण्याचे लोकही तेच म्हनून राह्यले.”

मामांनी काठी बाजूला ठेवली. मग रवीच्या मांडीवरून अंक घेतला, चाळला, आणि शेवटचं पान काढून तिच्यापुढं धरलं. रस्त्याच्या कामावरची बाई, समोर इंगळ्या. मधली सगळी पानं पेन्सिलीनं, खाडाखोडीनं गजबजली होती. हा एकच फुगा कोरा होता.

“हे पान बाबा भरूच देत नाहीत,” रवी म्हणाला. “मी लिव्हाले गेलो की असा हात ठेवतात.”

मामांनी तसाच हात ठेवला. अख्खा तळवा, फुग्यावर. पोरं माना लांब करून चित्र बघू लागली. आजवर ऐकत आलेला इंगळ्या त्यांनी नीट पाहिला तो बहुतेक तेव्हाच.

“हितं तो ऐकून राह्यला ना,” सोजराबाई हळूच म्हणाल्या. “मंग बोलन कसा? ती बाई इतकं सांगून राह्यली. आमचंही कोनी असं ऐकाले पायजे.”

समताच्या डोळ्यांतलं पाणी आता थांबेना. “मामा, तुमाले पहिलेपासून समजलं होतं? चूक नाही म्हनून?”

गुलाबरावांचा एक ओठ हळूहळू वाकडा झाला.

“म्हंजे?” रवी ताडकन उठला. “तुमाले ठाऊक होतं अन् आमाले पेन्सिली झिजवाले लावल्या? मी दुकान बंद ठेवून येतो रोज.”

मामांनी दोन्ही खांदे उडवले, डोळे आभाळाकडे फिरवले, घोंगडी सावरावी तसा दुपट्टा सावरला.

“‘मले कोनी इचारलं होतं का?’” सोजराबाईंनी फुगा भरला, आणि हशा लिंबावरच्या बगळ्यांना उडवून गेला.

त्या हशातच मामांनी समताचं डोकं जवळ ओढून कपाळावर तळवा टेकवला. खरखरीत, तंबाखूचा वास गेलेला, आणि ऊबदार. बाजूला संघपाल सांगत होता, “ताई, तू आमची चूक धरू नको. पन ह्या चुकीनं बुढा घराबाहेर निंघाला. आमी तुह्ये लय आभारी हावो.” समताला म्हणायचं होतं, आभारी तर मी तुमची, तुम्ही त्याला अपुरा ठेवला नाही. पण तिचाही गळा त्या वेळी चालत नव्हता, आणि ओट्यावर कोणाला त्याची अडचण वाटली नाही.

मग ती लिंबाखाली गेली आणि शंतनुला फोन लावला.

“बोलत नाही तो,” ती म्हणाली. “पुढच्या अंकातही नाही. फुगे रिकामेच राहतील. एक कर, कागद जरा जाड घे. पेन्सिल चालली पाहिजे त्यावर, खोडरबरही.”

“पेन्सिल?” शंतनुला काही कळेना. “बरं. अजून काही?”

“हो. फुगे आता मोठे काढणार आहे मी.”

“रिकामे फुगे मोठे कशाला गं?”

ओट्यावर संघपाल आणि सोजराबाई पुढच्या चित्रावरून भांडत होते, पोरं दोन्ही बाजूंनी ओरडत होती, आणि मामांची काठी कोणालाच मंजुरी देत नव्हती.

“इकडे लोक फार बोलतात,” समता म्हणाली.