हँडलची थरथर

मित्रांनो, मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली एक जुनी रिक्षा. हुडाला दोन ठिगळं आहेत, पण हॉर्न अजून खणखणीत वाजतो. शंकररावांनी मला नवी कोरी असताना घरी आणलं, तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी ओवाळून माझ्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं माझं हँडल दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं नाही. दवाखान्यातून बाळंतिणींना आणायला लोक मुद्दाम आम्हालाच बोलवत. "शंकररावांच्या रिक्षात पोटातलं पाणी हलत नाही," असं म्हणत. ते ऐकून मी उगाच फुगत असे.

मग एके वर्षी माझं हँडल थरथरू लागलं. शंकररावांनी मला उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या महेश मेकॅनिककडे नेलं. त्याने बेअरिंग बदललं, केबल बदलली, तरी थरथर जाईना. शंकरराव मला बोल लावत आणि मला फार वाईट वाटे. अशातच एकदा शाळेजवळ ब्रेक उशिरा लागला आणि एक मुलगी थोडक्यात वाचली. शंकरराव घामाघूम होऊन तडक महेशकडे आले.

"ब्रेक बघ रे हिचे. दगा देतायत."

महेशने सगळं तपासलं. "काका, ब्रेक एकदम टाइट आहे. जरा इंजिन बंद करा."

मी गप्प झाले, पण हँडल थरथरतच राहिलं. शंकररावांचा उजवा हात त्यावर होता. त्यांनी तो उचलला आणि हँडल शांत झालं.

"काका," महेश हळूच म्हणाला, "याचा पार्ट माझ्याकडे नाय. डॉक्टरला दाखवा."

अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंनी कंपवात सांगितला. तो झाला म्हणून प्रत्येकाला लगेच गाडी सोडावी लागत नाही, पण शंकररावांचा पाय ब्रेकवर उशिरा पोचत होता. घरी येऊन त्यांनी मला स्वच्छ पुसलं आणि चावी लेकीच्या, भावनाच्या हातात ठेवली.

"ती पोरगी नशिबाने वाचली. पुन्हा नशिबावर नाय सोडायचं."

पुराच्या पाण्यातूनही त्यांनी मला सुखरूप काढलं आहे. पण मला त्यांचा सर्वात जास्त अभिमान वाटला तो त्या दिवशी.

आता भावना मला चालवते आणि ते मागे बसतात. खड्डा आला की त्यांचा पाय अजून ब्रेक शोधतो.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांची गाडी सारखी बिघडू लागली, तर एकदा इंजिन बंद करून त्यांच्या हातांकडे प्रेमाने पाहा. फुकटचा दोष आम्ही गाड्या सोसू. पण त्याची किंमत रस्त्यावरच्या लेकरांनी का मोजावी?