काचेवरचं कुंकू

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. घड्याळाचा नव्हे, आणि पायात मोडणारा तर मुळीच नव्हे. इंजिनात तेलाचा दाब किती आहे ते सांगणाऱ्या मीटरचा मी काटा. पितळी कड, गोल काच आणि शून्यापासून सातपर्यंतचे आकडे, एवढंच माझं घर. पाठीमागून तांब्याची एक बारीक नळी येते आणि तिच्यातून इंजिनाचं तेल थेट माझ्यापर्यंत पोचतं. तेल जोरात आलं की मी उठतो, मंदावलं की बसतो. जन्मभर मी दुसरं काही केलेलं नाही.

तरुणपणी मी राहुरीकडच्या एका ट्रॅक्टरवर होतो. उसाच्या ट्रॉल्या ओढताना तेल असं ऊबदार व्हायचं, की चारच्या आकड्यावर डुलत डुलत मला गुंगीच यायची. तिथला ड्रायव्हर रोज सकाळी टॉवेलच्या टोकानं माझी काच पुसायचा. त्याच्या त्या पुसण्याची किंमत मला फार उशिरा कळली.

ट्रॅक्टर भंगारात निघाला तेव्हा सूर्यभान मिस्त्रींनी मला सोडवून घेतलं आणि सुप्याच्या आपल्या गॅरेजात बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. नऊ वर्षं मी नटबोल्टांच्या अंगाखाली पडून होतो. मग काय, स्वप्नं पाहायची. स्वप्नात तेल यायचं, मधासारखं सावकाश, आणि मी उठून उभा राहायचो.

एके दिवशी डबा उघडला. सूर्यभानांची मुलगी राजनंदिनी एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला लागली होती, आणि दर रविवारी बापलेक मिळून एका जुन्या छोट्या मोटारीत मोठं इंजिन बसवत होते. तिला मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरायचं होतं. त्या गाडीपायी घरात किती वाद झडले म्हणून सांगू! शर्यतीची गाडी वळणावर जोरात घेतली की इंजिनाखालच्या चेंबरमधलं तेल एका अंगाला धावतं, आणि पंपाच्या तोंडी नुसती हवा येते; तेलावाचून इंजिन बघता बघता जाम होतं. राजनंदिनीला वाटे, तेलाची टाकीच वेगळी करावी. सूर्यभान म्हणायचे, "पाइपांचं एवढं जंजाळ कुठं बसवनार? चेंबर रुंद करू, आत कप्पे पाडू." शेवटी कप्पेच पडले.

दुसरा वाद माझ्यावरून. राजनंदिनीनं इंजिन चालवायला कॉम्प्युटर बसवला होता. तेलाचा दाब पडला तर तो आपण होऊन इंजिन बंद करणार होता.

"मग ह्या काट्याचं काय काम, आण्णा?" तिनं विचारलं.

"तुज्या ह्या कॉम्प्युटरच्या डब्यातलं बारीक आकडं मला दिसत न्हाईत गं," सूर्यभान म्हणाले. "ह्यो दिसतो. मला बी गाडीत काईतरी काम ऱ्हाऊ दे की."

तिनं मला तिच्या शेजारच्या, वडिलांच्या सीटसमोर बसवलं. मला इतका आनंद झाला, की पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा मी ताडकन पाचावर गेलो.

मग खंडेनवमी आली. राजनंदिनीच्या आईनं, पुष्पावतीबाईंनी, पाने, जॅक, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. माझ्यापाशी येऊन त्या थबकल्या. इंजिन बंद, म्हणून मी शून्यावर झोपलेला. "म्हातारा काम करतोय बिचारा," असं म्हणून त्यांनी माझ्या टोकावरच, काचेवर, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. मित्रांनो, आजवर मला कुणी कुंकू लावलं नव्हतं. त्या रात्री मी स्वतःला देवच समजत होतो.

दसऱ्याच्या सकाळी गाडी पहिल्यांदा माळावर निघाली. पुढच्या महिन्यात शर्यत होती, आणि दुसरं इंजिन नव्हतं. दोन वर्षांचे सगळे रविवार त्या एका इंजिनात होते.

"नंदे, ते आपोआप बंद व्हनारं आज ऱ्हाऊ दे," सूर्यभान म्हणाले. "सनाच्या दिशी गाडी मधीच बंद पडाया नको. अपशकुन नको बाई."

तिनं वडिलांचा शब्द राखला.

माळावर आपट्याचं एक झाड आहे. "झाडाला पाच येढं घालू," सूर्यभान म्हणाले. झाड उजव्या हाताला ठेवून गाडी फिरू लागली. राजनंदिनी हसत होती, वेग वाढत होता, धुरळ्यात ऊन सोन्यासारखं तरंगत होतं. मलाही पुन्हा ती जुनी गुंगी आली. पण मित्रांनो, शर्यतीत वळणं डावी-उजवी येतात, प्रदक्षिणेत एकच वळण असतं आणि ते संपत नाही. कप्पे तरी किती वेळ धरणार? तेल डाव्या अंगाला चढलं आणि तिथंच थांबलं. तिसऱ्या फेरीला माझ्या नळीत हवा शिरली. मी थरथरलो. चौथ्या फेरीला मी कोसळलो, थेट शून्याजवळ, त्या लाल टिळ्याखाली.

मी तिथं तडफडत होतो आणि कुणाला दिसत नव्हतो.

"काटा कुठं गेला?" सूर्यभान पुटपुटले. ते पुढं वाकले. काचेवर बोट नेलं आणि थांबले. पूजेचं कुंकू होतं ते, बायकोच्या हातचं, आणि दिवस दसऱ्याचा. ते बोट क्षणभरच तसं राहिलं असेल, पण एवढा लांब क्षण मी नऊ वर्षांत डब्यातही पाहिला नव्हता. मग त्यांनी अंगठा ओठांना लावला आणि उष्ट्या अंगठ्यानं टिळा खसकन पुसला.

"बंद कर! नंदे, बंद कर!"

इंजिन थांबलं. माळावर नुसता वारा उरला.

संध्याकाळी चेंबर उतरवलं. एका बेअरिंगवर काळा ओरखडा निघाला. त्यात फिरणारी क्रँक, इंजिनाचा मुख्य दांडा, मात्र साफ होती. बेअरिंग बदललं की गाडी शर्यतीला उभी राहणार होती. राजनंदिनीनं लॅपटॉप जोडून पाहिलं. कॉम्प्युटरला सगळं समजलं होतं, पण त्याचंही तोंड तिनंच बांधलं होतं.

"आण्णा, तुमी नसता तर गेलं हुतं इंजिन," ती म्हणाली.

"मी नसतो तर डब्यानंच बंद केलं असतं की!" सूर्यभान म्हणाले. "त्याला गप मीच बसवलं. चालू कर ते, सन असू दे न्हाईतर आमुशा."

पुष्पावतीबाईंना कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी ओल्या फडक्यानं माझी काच लख्ख पुसली. थोडं कुंकू घेतलं आणि या वेळी माझ्या पितळी कडेला बोट टेकवलं. तो टिळा अजून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांना फुलं जरूर वाहा. आम्हालाही मान आवडतो. पण हात जोडताना माणसाचे डोळे मिटतात. माझ्यासमोर तेवढे उघडे ठेवा.