आठवं काम

सातकामी ठोकते, उपटते, कापते, सोलते, पिळते, नट फिरवते आणि टोकाच्या आकड्यानं दोर ओढून घेते. म्हणून या हत्याराचं नाव सातकामी. कंपनीच्या यादीत तिचं लांबलचक नाव आहे, पण ते भांडारातल्या कारकुनाशिवाय कुणी घेत नाही. आठवं काम यादीत नाही. ते आम्ही तुकुयू गावच्या लाइनमन लोकांनी तिला लावलं, आणि त्या आठव्या कामापायी कालेम्बो गाव तीन दिवस अंधारात बसलं. दोष अंबोकिलेला लागला. खरा दोष माझा होता, आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. एका माणसाला सोडून.

आठवं काम असं. खांबावर चढायच्या आधी स्विचचा दांडा खाली ओढून वीज तोडायची आणि दांड्याच्या कडीत आपली सातकामी अडकवायची. वर जाताना जोडीदाराची सातकामी न्यायची. खाली ज्याची सातकामी लटकते आहे तोवर तो माणूस वर आहे. मग साहेब येवो नाहीतर मंत्री, दांड्याला कुणी बोट लावायचं नाही. ज्यानं अडकवली त्यानंच उतरून आपल्या हातानं काढायची. दुसऱ्यावर ती वेळ एकदाच येते, काढायला माणूसच उरला नाही तर. तेव्हा जोडीदार ती काढतो, मोठ्यानं म्हणतो, ‘अमका खाली आला,’ आणि ती स्वतः त्याच्या घरी नेऊन घरच्या बाईच्या हातात देतो. कुणाबरोबर पाठवायची नाही. माझ्या आधीच्या जोडीदाराची, म्हाताऱ्या कापोंगोची, मी नेली होती. त्याच्या बायकोनं ती मांडीवर घेतली आणि मला विचारलं, “जेवलीस का?” पुन्हा असं घर बघायला नको, असं तेव्हापासून मनात आहे.

अंबोकिले आणि मी नऊ वर्षं जोडीदार. मी बाई असले तरी कंपनीच्या कागदावर लाइनमनच आहे. माझा नवरा दक्षिणेच्या खाणींत गेला तो तिकडचाच झाला. अंबोकिलेची बायको वारून बारा वर्षं झाली. नऊ वर्षं तो वर माझी सातकामी वापरत आला आणि मी त्याची. त्याच्या मुठीला मी माझ्या सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिली होती, पावसात हात सटकतो म्हणून. तुकुयूत पाऊस नाही असा दिवस मला दाखवा. ती मूठ हातात घेतली की कळायचं, आज याचा हात तापलेला आहे, आज हा उपाशी आलाय. एवढं कळायचं. बोलायचो मात्र तारांबद्दल.

“तुसेकिले, तू खाली असलीस की वर भीती वाटत नाही,” असं तो एकदा म्हणाला होता. केळी आणि उकडलेल्या राजम्याचं कालवण खात बसलो होतो.

“मी वर असले की तुला वाटत असेल,” मी म्हणाले.

“फार,” तो म्हणाला आणि केळं सोलायला लागला. चांगलं सरळ उत्तर दिलं होतं त्यानं. मी हसून घालवलं. माझी जीभ सगळ्यांवर चालते, नको तिथं लुळी पडते.

मग त्याची बदली आली. नेवाला. पार समुद्राकडच्या अंगाला, बस बदलत बदलत तीन दिवसांची वाट. तो कागद खिशात घालून महिनाभर हिंडला. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. ‘जाऊ नकोस’ एवढंच. आणि रोज संध्याकाळी मी त्याला सांगायची, “दोर नीट गुंडाळ.”

शेवटच्या शुक्रवारी दुपारी कालेम्बोच्या फाट्यावर काम निघालं. चहाच्या मळ्याकडची तार झाडाच्या फांदीनं ताणली होती. त्यानं दांडा ओढला, आपली सातकामी अडकवली, माझी घेतली आणि दोन खांब पलीकडे जाऊन चढला. तासाभरात काम झालं. गाडीचा ड्रायव्हर म्वाम्बा हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता.

“चला हो नवरदेव! बस तुमच्यासाठी थांबणार नाही. नेवालात काजू काय झाडाखाली आयते पडलेत का?”

“पडलेलेच असतात,” अंबोकिले म्हणाला.

येताना तो स्विचच्या खांबापाशी थांबला. खाली वाकला. बराच वेळ बुटाशी काहीतरी करत राहिला. मी गाडीपाशी उभी होते. तो उठला, माझ्याकडे पाहिलं, आणि तसाच येऊन गाडीच्या मागच्या फळीवर बसला. सातकामी दांड्यावरच होती. लाल ट्यूबची मूठ, पावसानं निथळणारी. मी ती पाहिली. ‘अरे, तुझी राहिली,’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्याच्या कमरेला माझी होती, त्यामुळे कमरेला वजन लागत होतं, म्हणून विसरला असेल, असं मला वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं. हा आता निघून जाईल, वाटेत कुठेतरी आठवेल, आणि दुसऱ्या कुणी काढायची नाही म्हणून याला परत यावं लागेल. यावंच लागेल.

मी गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं.

बसथांब्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. “काही राहिलं नाही ना?”

“काही नाही,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि चढला. बस केळीच्या बागांमागे जाईपर्यंत मी उभी राहिले. म्वाम्बा पहिल्यांदाच हॉर्न न वाजवता बसून होता.

शनिवारी कालेम्बोहून तक्रार आली. मला पाठवलं. मी जाऊन पाहिलं, जणू मला माहीतच नव्हतं. परत येऊन आमच्या साहेबांना सांगितलं, “दांड्यावर अंबोकिलेची सातकामी आहे.”

साहेब तरणे, गेल्याच वर्षी आलेले. “मग काढा ना, ताई.”

खोलीतल्या चौघा लाइनमननी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

“काढा म्हणजे काय साहेब,” म्वाम्बा म्हणाला, “तो जिवंत आहे.”

“त्याला फोन करा मग.”

फोन लागत नव्हता. बस सोंगेयाच्या पुढे, तुंदुरूच्या जंगलात, तिथं कसला फोन. मी दर तासाला लावून बघायची. लागत नव्हता आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं. लागला असता तर तो लांबूनच काहीतरी बोलून मोकळा झाला असता. मला त्याचा आवाज नको होता. मला तो हवा होता, ओल्या बुटांसकट, त्या खांबापाशी.

रविवारी चर्च सुटल्यावर मी एकटीच कालेम्बोला गेले. काम काहीच नव्हतं. खांबाखाली उभी राहून त्या मुठीकडे पाहत राहिले. हात लावला नाही. पट्टीचं एक टोक सुटून आलं होतं. ते गुंडाळावं म्हणून बोटं शिवशिवत होती. फाट्याकडे येणारी प्रत्येक गाडी मी पाहिली. चहाची, दुधाची, केळ्यांची. माणसं उतरली, माझं माणूस उतरलं नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, रस्त्याकडे बघत उभी. कुणी विचारलं असतं तर तार तपासतेय म्हणाले असते.

तिथंच मला दवाखान्यातली सिस्टर एलिका भेटली. मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर लसींचा गार डबा धरून तुकुयूला निघाली होती.

“तुमचा तो लोखंडी देव अजून पावला नाही का?” ती म्हणाली. “फ्रिज बंद. या लसी तिकडे ठेवून येते. उद्या बेचाळीस पोरं येणार आहेत, त्यांच्या आयांना मी काय सांगू? लाइनमनला आठवण येईपर्यंत थांबा?”

मी तिच्या वाटेतून बाजूला झाले. ती गेली. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता तिनं. माझ्या मनातल्या एका गोष्टीसाठी बेचाळीस पोरांची लस चिखलातून जात होती. तिथं मला माझी लाज वाटली. तरी मी त्या रात्री पुन्हा फोन लावला आणि लागला नाही म्हणून झोपले.

सोमवारी सकाळी खांबाखाली अर्धं गाव जमलं. गिरणीवर तीन दिवस अडकलेली मक्याची पोती घेऊन बाया आल्या होत्या. साहेब आले, चौघे लाइनमन आले, एलिका आली. साहेब दांड्यापाशी गेले, हात वर केला, आणि आमच्या तोंडांकडे बघून खाली घेतला. तेही शेवटी याच मातीतले.

तेवढ्यात फोन लागला. मी केळीच्या झाडांत शिरले.

“तुसेकिले?” त्याचा आवाज. मागे कोंबडे आरवत होते.

“पोचलास?”

“आत्ता. एक खोली मिळाली आहे. खिडकीला काच नाही.”

“तुझी सातकामी कालेम्बोच्या दांड्यावर राहिली आहे. तीन दिवस गाव अंधारात आहे. ये आणि काढ.”

तो म्हणाला, “तू पाहिली होतीस.”

मला खोटं बोलता आलं असतं. “पाहिली होती.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“हाक मारली असती तर तू ती काढून घेऊन गेला असतास. मला वाटलं, राहिली तर परत येशील.” एवढं बोलले आणि केळीच्या खोडाला टेकले. “तू कसा विसरलास, म्हाताऱ्या? तीस वर्षांच्या नोकरीत कधी विसरला नाहीस.”

“विसरलो नाही.”

“तू खांबापाशी बुटाची नाडी बांधत होतास.”

“गमबुटाला नाडी कुठे असते, तुसेकिले?”

मी डोळे मिटले. गमबूटच होते. मी स्वतः पाहिले होते ते, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

“मी मुद्दाम ठेवली,” तो म्हणाला. “वाटलं, तू हाक मारशील. ‘अंबोकिले, थांब,’ म्हणशील. तेवढ्यावर मी थांबलो असतो. वाकून वाट बघत होतो. बसथांब्यावर पण विचारलं तुला. तू म्हणालीस, काही नाही.”

काय मूर्ख माणसं आम्ही! एक हाकेसाठी वाकून बसलेला आणि एक हाक गिळून उभी. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

“आता ये,” मी म्हणाले.

“इथं वादळानं अकरा खांब पाडलेत. आल्या आल्या कामावर घेतलं. चार महिने सुट्टी नाही. तू उतरव ती.”

“मी उतरवली तर तू मेलास असं होईल.”

“होऊ दे. पोरांच्या लसींचं म्वाम्बानं कळवलं, संदेश आत्ता मिळाला. उतरव. पण एक ऐक. नियम पाळायचा तर पुरा पाळ. अर्धा नको.”

फोन कटला की त्यानं ठेवला, कळलं नाही. मी तोंड पुसून खांबाकडे आले. माणसं बाजूला झाली. मी मूठ धरली. गार होती. नऊ वर्षांत ती मूठ मला कधी गार लागली नव्हती. मी सातकामी कडीतून काढली. मोठ्यानं म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं.

“अंबोकिले खाली आला.”

चौघांनी टोप्या काढल्या. म्वाम्बानंही काढली, ‘तो जिवंत आहे’ म्हणाला होता त्यानंच. मी दांडा वर केला. खाली गावात गिरणी घरघरली, बायांनी आरोळी ठोकली, आणि एलिका दवाखान्याकडे पळत सुटली.

मी पट्टीचं सुटलेलं टोक गुंडाळून घट्ट केलं आणि साहेबांपुढे जाऊन उभी राहिले.

“साहेब, मला दहा दिवसांची रजा हवी.”

“आता? कसली?”

“मयताची.”

“कुणाच्या?”

“जोडीदाराच्या. हत्यार त्याच्या घरी पोचवायचंय. नियम आहे, कुणाबरोबर पाठवता येत नाही.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या चौघांकडे. चौघे पुन्हा बुटांकडे बघत होते. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

“त्याच्या घरी बाई नाही ना?” ते हळू आवाजात म्हणाले. “मग हातात कुणाच्या देणार?”

“ते तिथं गेल्यावर बघू,” मी म्हणाले. “माझी सातकामीही त्याच्याकडेच आहे.”