न ऐकलेलं पान

इद्रीस पुढची ओळ वाचायला लागला, तेवढ्यात अब्दुल्बारींनी पानावर तळहात ठेवला.

"इथे थांब."

"का उस्ताद? आता 'हम्ल' येतोय. वाहणं, उचलणं. सोपा तर शब्द आहे."

"तो मी तुला देऊ शकत नाही."

झबीद गावच्या मशिदीच्या ओसरीत दोघेच होते. इद्रीस शाळेत शिकवायचा. तीन वर्षं तो रोज दुपारच्या नमाजानंतर अरबी शब्दांचा थोरला कोश वाचायला येत होता. गावची रीत अशी की गुरूच्या तोंडून कानांनी ऐकलं तेवढंच आपलं. नुसतं डोळ्यांनी वाचलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. अब्दुल्बारींनी आपले गुरू शेख दाऊद यांच्याकडून सगळा कोश ऐकला होता, हे एक पान सोडून. पानाच्या समासात त्यांच्याच तरुण अक्षरात लिहिलेलं होतं: 'हे मी ऐकलेलं नाही. गैरहजर.'

"पण तुम्हाला ते पाठ असेल."

"पाठ आहे. डोळ्यांनी केलेलं."

"म्हणजे तीन वर्षं घासून मी भोक पडलेलं पुस्तक घेऊन जाऊ?" इद्रीस हसला, मग त्याला हसवेना. "त्या दिवशी होते कुठे तुम्ही?"

"ताप होता."

"मग ऐकणाऱ्यांपैकी कुणी जिवंत आहे का?"

अब्दुल्बारींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"शेखांची मुलगी. आतिका. दाराआड बसून ऐकायची, आणि शेख तिच्याकडून म्हणून घ्यायचे."

"आतिकाबाई? त्या तर रंगाऱ्यांच्या गल्लीत राहतात! जा ना उस्ताद. आधी तुम्ही ऐका, मग मी तुमच्याकडून ऐकतो."

अब्दुल्बारींनी चष्मा पुन्हा चढवला. आतिका कुठे राहते हे त्यांना ठाऊक होतं. त्या तापाच्या आदल्या संध्याकाळी तिचं लग्न होदैदा बंदरातल्या एका व्यापाऱ्याशी ठरल्याची मिठाई घरोघर वाटली गेली होती. अब्दुल्बारींनी पुढे लग्न केलं नाही. चार वर्षांपूर्वी आतिका विधवा होऊन गावी परतली, तेव्हापासून ते मशिदीला लांबच्या रस्त्याने येत.

दुसऱ्या दिवशी ते जवळच्या रस्त्याने गेले. दार बिल्कीसने, आतिकाच्या मुलीने, उघडलं.

"या काका, या. चार वर्षांत आमच्या दारावरून एकदा गेला नाहीत, आणि आज एकदम अभ्यासाला?"

ते ओशाळून हसले. तिने त्यांना अंगणातल्या उंच बाजेवर बसवलं, कॉफीच्या सालांचा आलं घातलेला काढा दिला. समोरच्या दाराला पडदा होता. त्यांनी मांडीवर कोश उघडला आणि काय बोलावं ते न सुचून पडद्याला सलाम केला.

"आवाज तसाच आहे," पडद्याआडून आतिका म्हणाली. "पुटपुटल्यासारखा. अब्बा म्हणायचे, या मुलाला आधी बोलायला शिकवायला हवं."

"शिकलो नाही अजून."

"दिसतंय. ऐका तर."

ती म्हणू लागली. आवाज जाड झाला होता, पण कुठे अडखळत नव्हता.

"पाठीवर वाहतात ते हिम्ल. पोटात वाहतात ते हम्ल, आणि झाडाच्या फांदीला धरतं तेही हम्ल."

"म्हणजे मी आणि खजूर एकच?" बिल्कीस म्हणाली.

"गप गं. खजूर निदान लाथा मारत नाही. तू नऊ महिने तेच केलंस."

अब्दुल्बारी खाली मान घालून हसले. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. पुराने वाहून आणलेला गाळ. परक्या मुलखातून कडेवर आणलेलं मूल. शिष्य गुरूकडून उचलतो ती विद्या. मनात धरून ठेवलेला राग. प्रत्येक शब्द त्यांना माहीत होता, तरी तो कानावर आल्यावरच ते बोट पुढे नेत.

"तांडा सामान लादून निघाला," आतिका म्हणाली, "तरी याच धातूचा शब्द. निघून गेला, एवढाच अर्थ."

ती थांबली.

"हे अब्बांनी त्या दिवशी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. आवाजच लागत नव्हता. त्यांना वाटलं मला ताप आहे."

अब्दुल्बारींचं बोट पानावर तिथेच राहिलं. बिल्कीसने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि ती रिकामा पेला उचलून मोरीकडे गेली.

"मलाही होता," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

 मोरीत पाणी पडत होतं. मग आतिकाने पुढचं म्हणायला घेतलं: तलवारीचा पट्टा, शत्रूवर चालून जाणं, सोसणं. सोसण्यापाशी येऊन ती पुन्हा थांबली.

"आज इतकंच. दम लागतो हल्ली."

अब्दुल्बारींनी पानाकडे पाहिलं. सहा शब्दांचं एकच वाक्य उरलं होतं. हमल म्हणजे मेंढीचं कोकरू, पहिल्या वर्षातलं. ते म्हणायला एक श्वाससुद्धा पुरा लागला नसता.

ओले हात पुसत बिल्कीस आली.

"झालं का काका? किती राहिलंय?"

पडदा हलला नाही. अब्दुल्बारींनी कोश मिटला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"बरंच आहे," ते म्हणाले.

"हो," पडद्याआडून आतिका म्हणाली. "आणि ते घाईने उरकायचं नाही."